पाटकऱ्यावर लक्ष कुणाचं? अमेरिकेतले विमा आयुक्त आणि त्यांना जाब विचारणारे आमदार

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात राहते. डोंगराच्या पायथ्याशी घर आहे, आजूबाजूला झाडी. मध्यंतरी तिला विमा कंपनीचं पत्र आलं की यंदा घराच्या विम्याचं नूतनीकरण होणार नाही. इतकी वर्षं न चुकता हप्ते भरले, एकदाही क्लेम केला नाही, आणि आता ‘तुमचा परिसर वणव्याच्या जोखमीचा आहे’. हप्ता वाढवून देता का, असंही विचारलं नाही, सरळ रामराम. हे ऐकून मावशीने नाशिकहून फोनवर विचारलं, "अगं, मग तिथलं सरकार काय करतंय?"

मावशीचा प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तराला पन्नास फाटे फुटतात. विम्याचे दर आणि क्लेम यांवर देखरेख करणारा केंद्र सरकारचा नियामक अमेरिकेत नाहीच. प्रत्येक राज्याचा आपला वेगळा विमा आयुक्त असतो, आणि त्याला जाब विचारण्याचं काम त्या राज्याच्या विधिमंडळाचं असतं.

हा विषय सध्या तिथे तापलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात वणव्यांनी हजारो घरं जाळली. त्यानंतर स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या उपकंपनीने घरांच्या विम्यात तातडीने २२ टक्के वाढ मागितली आणि मे महिन्यात आयुक्तांनी १७ टक्के तात्पुरती वाढ मंजूर केली. त्याच उन्हाळ्यात इलिनॉय राज्यात स्टेट फार्मने सरासरी २७ टक्क्यांहून जास्त वाढ लावली. तिथे मंजुरीचा प्रश्नच आला नाही. तो का आला नाही, ते पुढे येईलच.

नियामक म्हणजे पाटकरी

कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे पाटकरी असतो. पाळी कुणाची, किती वेळ, दार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं, हे तो बघतो. पाणी त्याचं नसतं आणि शेतही त्याचं नसतं, तरी हंगाम त्याच्या हातात असतो. वरच्या अंगाला ज्याची मोठी बागायत आहे तो पाटकऱ्याला अधूनमधून जेवायला बोलावतो. टेलवरच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याकडे मात्र पाटकरी कधी फिरकतच नाही.

विमा आयुक्ताचं काम बरंचसं असंच असतं. विमा ही विचित्र वस्तू आहे. पैसे आज द्यायचे आणि माल मिळेल तर दहा वर्षांनी, तोही संकट आलं तरच. त्यामुळे कुणाला तरी दोन गोष्टींवर नजर ठेवावी लागते. एक म्हणजे क्लेम द्यायची वेळ येईल तेव्हा कंपनीच्या तिजोरीत पैसे शिल्लक असतील ना. दुसरी म्हणजे ती आज घेते तो हप्ता आणि उद्या क्लेमला देते ते उत्तर रास्त आहे ना. या दोन गोष्टी एकमेकींना ओढतात. हप्ता फार दाबला तर कंपनी बुडते किंवा राज्य सोडून जाते, आणि मोकळा सोडला तर गिऱ्हाईक बुडतं. आयुक्ताने रोज या दोरीवरून चालायचं.

पाटकऱ्याला अधिकार देते गावची पाणीवाटप संस्था, तशी आयुक्ताला अधिकार देतात राज्याचे कायदे. म्हणून जाब विचारायचा हक्क कायदे करणाऱ्यांकडे येतो.

केंद्रात एकच कार्यालय का नाही?

यामागे एक जुनी कथा आहे. न्यू हॅम्पशायर राज्याने १८५१ मध्ये विमा कंपन्या तपासायला माणसं नेमली, आणि बाकीची राज्यं हळूहळू त्याच वाटेने गेली. व्हर्जिनियातल्या सॅम्युअल पॉल नावाच्या एजंटाला न्यूयॉर्कच्या कंपन्यांचे विमे विकायचे होते. राज्याने घातलेली अट न पाळल्यामुळे त्याला परवाना मिळाला नाही, तरी त्याने विमे विकलेच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८६९ मध्ये न्यायालय म्हणालं की विमा म्हणजे राज्या-राज्यांतला व्यापार नव्हेच, तो एक साधा करार आहे. म्हणजे केंद्राचा संबंध नाही. दोनच वर्षांनी, १८७१ मध्ये, वेगवेगळ्या राज्यांच्या विमा अधिकाऱ्यांनी मिळून एक संघटना काढली. ती पुढे पुन्हा भेटेल.

पाऊणशे वर्षांनी, १९४४ मध्ये, त्याच न्यायालयाने मत बदललं. विमा हा आंतरराज्य व्यापारच आहे असा निकाल आला आणि राज्यांचे व कंपन्यांचे धाबे दणाणले. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा केला. त्याचं सार एवढंच की विम्याचं नियमन राज्यांनीच करावं. २०१० मध्ये आर्थिक संकटानंतर केंद्रात विम्याचं एक कार्यालय निघालं, पण ते माहिती गोळा करतं आणि अहवाल लिहितं. दर ठरवायचा किंवा परवाना काढून घ्यायचा अधिकार त्याला नाही.

आमदारांच्या हातात नेमकं काय असतं?

सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे कायदा. आयुक्ताला किती दात द्यायचे ते विधिमंडळ ठरवतं. इलिनॉयचं उदाहरण घ्या. स्टेट फार्मचं मुख्यालय याच राज्यात, ब्लूमिंग्टनला. पण घराच्या विम्याचा दर मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार देणारा कायदा तिथे १९७१ पासून नाही. म्हणून २०२५ ची वाढ आली तेव्हा गव्हर्नरांनी कंपनीवर तोंडसुख घेतलं आणि विधिमंडळाला कायदा करायला सांगितलं. (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत, थेट निवडून आलेला मुख्यमंत्री समजा.) विमा खात्याचे अधिकारी नुसते बघत राहिले. त्यांना कामचुकार म्हणणं अन्यायाचं ठरेल. ज्याच्या हातात दाराची चावीच दिलेली नाही, त्या पाटकऱ्याला दार का बंद केलं नाहीस असं कसं विचारणार?

दुसरं हत्यार पैसा. विमा खात्याचा खर्च बहुतेक ठिकाणी कंपन्यांकडून घेतलेल्या शुल्कातून भागतो, तरी अंदाजपत्रक विधिमंडळापुढे येतंच. तिसरं म्हणजे नेमणूक. जिथे गव्हर्नर आयुक्त नेमतो, तिथे बऱ्याच राज्यांत सिनेटची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते. चौथं, खात्याने काढलेले नियम तपासणाऱ्या समित्या. पाचवं, लेखापरीक्षण.

टेक्सासची रीत मला सगळ्यात गमतीची वाटते. आपल्याकडे पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसा तिथे सरकारी खात्यांनाच द्यावा लागतो. १९७७ पासून तिथे एक आयोग आहे. तो साधारण दर बारा वर्षांनी प्रत्येक खात्याची झाडाझडती घेतो. विधिमंडळाने नवा कायदा करून खातं पुढे चालू ठेवलं नाही, तर ते आपोआप बंद होतं. विमा खातंही याला अपवाद नाही.

आणि शेवटचं हत्यार म्हणजे जाहीर सुनावणी. समन्स काढायचं, शपथेवर बसवायचं आणि सगळ्यांदेखत प्रश्न विचारायचे. कागदावर हे सगळ्यात साधं दिसतं. इतिहासात मात्र घाव बसलेत ते याचेच.

१९०५: न्यूयॉर्कच्या सत्तावन्न सुनावण्या

३१ जानेवारी १९०५ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये जेम्स हेझन हाइड या तरुणाने फ्रेंच राजदरबाराच्या थाटाची मेजवानी दिली. हे महाशय इक्विटेबल या बलाढ्य आयुर्विमा कंपनीचे वारस आणि उपाध्यक्ष होते. खर्च कंपनीच्या माथी मारला अशी कुजबुज सुरू झाली. त्यांनी ती नाकारली, पण कंपनीतल्या दोन गटांचं भांडण चव्हाट्यावर आलं आणि वर्तमानपत्रांना महिनोनमहिने खाद्य मिळालं.

शेवटी राज्याच्या विधिमंडळाने सिनेटर विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने वकील घेतला चार्ल्स इव्हान्स ह्यूज. सप्टेंबर ते डिसेंबर अशा सत्तावन्न जाहीर सुनावण्या झाल्या. आवाज न चढवता ह्यूज एकेका हिशेबाच्या ओळीबद्दल विचारत गेले. न्यूयॉर्क लाइफने १९०४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला सुमारे ४८,००० डॉलर दिल्याचं कंपनीच्या अधिकाऱ्यानेच शपथेवर सांगितलं. पैसे होते विधवा-अनाथांसाठी हप्ते भरणाऱ्यांचे. म्युच्युअल लाइफ तर राजधानी ऑल्बनीत आमदारांच्या सरबराईसाठी एक घरच चालवत होती.

टोन्टिन नावाच्या पॉलिसीही उजेडात आल्या. आपल्या भिशीची कल्पना करा. पण या भिशीत वीस वर्षं लाभांश कुणालाच द्यायचा नाही. मधे जो मरेल किंवा ज्याचा हप्ता चुकेल त्याचा वाटा उरलेल्यांना. या वीस वर्षांत साठलेल्या डोंगराएवढ्या पैशावर कंपनीचे मालक हवं ते करत होते.

आणि विमा खातं? ते होतंच की. दरवर्षी कंपन्यांचे अहवाल घेत होतं आणि फायलीला लावत होतं. कंपनीतलं भांडण चव्हाट्यावर येईपर्यंत त्यातलं फारसं काही कुणाला खटकलं नव्हतं. त्यातही आमदारांपैकी काहीजण त्याच ऑल्बनीच्या घरात जेवून आलेले होते.

१९०६ मध्ये न्यूयॉर्कने विम्याचे कायदे मुळापासून बदलले. विमा कंपन्यांनी राजकीय पक्षांना पैसे द्यायला बंदी आली, आणि लाभांश दरवर्षी वाटणं सक्तीचं झालं. बऱ्याच राज्यांनी ते कायदे उचलले. ह्यूज त्याच वर्षी गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीशही झाले.

‘आयुक्त लोकांनीच निवडला तर आमदारांची गरज काय?’

हा आक्षेप बरोबर वाटतो. अमेरिकेत अकरा राज्यांत विमा आयुक्त थेट मतदानाने निवडला जातो. कॅलिफोर्निया त्यातलंच एक. १९८८ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘प्रस्ताव १०३’ मंजूर केला. दरवाढीला आधी मंजुरी हवी आणि आयुक्त निवडून यावा, असं त्यात ठरलं.

१७ जानेवारी १९९४ ला पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत चक क्वाकेनबुश आयुक्त झाले. आधी ते विधानसभेचे सदस्य होते. भूकंपाचे क्लेम कंपन्यांनी कसे हाताळले याबद्दल तक्रारींचा ढीग होता. खात्याच्या तपासनिसांनी कंपन्यांना मोठा दंड होऊ शकेल असे अहवाल तयार केले. पण आयुक्तांनी दंड न लावता तडजोड केली. कंपन्यांनी सव्वा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम काही नव्या ना-नफा संस्थांना द्यायची, असं ठरलं. त्यातला काही हिस्सा दूरचित्रवाणीच्या जाहिरातींवर गेला, आणि जाहिरातीत दिसत कोण होतं, तर आयुक्त स्वतः. आयुक्तांची मुलं ज्या फुटबॉल शिबिराला जात, त्यालाही पैसे मिळाले. घर पडलेल्यांना त्यातून काहीच मिळालं नाही.

हे बाहेर आलं ते खात्यातल्याच एका वकील बाईंनी गोपनीय अहवाल विधिमंडळाकडे पोचवल्यामुळे. २००० साली विधानसभेच्या विमा समितीने सुनावण्या घेतल्या. अधिकारी एकामागून एक शपथेवर बोलत गेले, महाभियोगाची भाषा सुरू झाली आणि जूनच्या अखेरीस क्वाकेनबुश यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांच्यावर फौजदारी खटला काही चालला नाही. विधिमंडळाने मात्र आणखी एक काम केलं आणि मला ते राजीनाम्याहून मोलाचं वाटतं. मुदत संपली म्हणून बंद झालेले नॉर्थरिजचे क्लेम एका वर्षासाठी पुन्हा उघडायचा कायदा केला.

निवडणूक चार वर्षांनी येते आणि प्रचाराला पैसा लागतो. तो पैसा कोण देतं, हे वेगळं सांगायला नको. लुइझियानातही आयुक्त निवडून येतो. तिथले लागोपाठ तीन आयुक्त पुढे तुरुंगात गेले. त्यांना पकडलं ते केंद्राच्या यंत्रणेने. राज्यातल्या आमदारांना इतकी वर्षं कसला वास आला नाही, हा प्रश्न उरतोच.

‘पण आमदारांना विम्यातलं कळतं काय?’

खरं सांगायचं तर बहुतेकांना फारसं नाही. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांसाठी भरतं आणि सदस्याला वर्षाला ७,२०० डॉलर मिळतात. न्यू हॅम्पशायरच्या आमदाराला वर्षाला १०० डॉलर मिळतात.  ही माणसं वर्षभर आपापला धंदा करतात, आणि काहींचा धंदा विमा एजन्सीचाच असतो. समोर बसतात गणिती, वकील आणि कंपन्यांचे पगारी प्रतिनिधी.

या पोकळीत १८७१ ची ती संघटना शिरते. सर्व राज्यांच्या आयुक्तांची ही संघटना आदर्श कायद्यांचे मसुदे करते. ती सरकारी संस्था नाही. पण राज्याच्या खात्याला मान्यता तीच देते, आणि मान्यतेसाठी काही मसुदे विधिमंडळाने मंजूर केलेले असावे लागतात. म्हणजे ज्यांना जाब विचारायचा, त्यांच्याच संघटनेने लिहिलेला कायदा आमदारांपुढे येतो, आणि नाही म्हटलं तर आपल्या राज्याची मान्यता धोक्यात. पाटकऱ्यांच्या संघटनेने गावाचा ठराव लिहून आणावा आणि गावाने अंगठा उठवावा, तसं हे. आमदारांनी याला उत्तर म्हणून १९६९ मध्ये आपली वेगळी संघटना काढली. तीही मसुदे लिहिते. दोघांत धुसफूस चालू असते आणि ती असावीच, असं माझं मत.

माहिती नसली तर काय होतं याचा धडा फ्लोरिडात मिळाला. तिथे वादळांमुळे विमा महाग झाला. कंपन्या म्हणत होत्या आम्ही तोट्यात आहोत. डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन पॉलिसीधारकांना कंपन्यांवर दावे लावणं अवघड केलं. त्याच काळात नियामकाच्या हाती एक अभ्यास होता. तोट्याच्या काळातही कंपन्यांनी आपल्याच भगिनी कंपन्यांना सेवाशुल्क म्हणून प्रचंड रकमा दिल्याचं त्यात म्हटलं होतं. हे २०२५ मध्ये वर्तमानपत्राने उघड केलं, तेव्हा कुठे सभागृहाच्या अध्यक्षांनी सुनावणी लावली. माजी आयुक्तांची बाजू अशी की तो कच्चा मसुदा होता, अपुरा होता. असेलही. पण कायदा बदलणाऱ्यांना तो कच्चा का होईना, दिसायला नको होता का?

‘मग हे राजकारणच झालं की!’

उलट बाजूची भीतीही खरी आहे. निवडणूक जवळ आली की आमदाराला दर दाबण्याचा मोह होतो. कॅलिफोर्नियात एक मजेशीर गोष्ट झाली. प्रस्ताव १०३ प्रमाणे ७ टक्क्यांहून जास्त वाढ मागितली आणि ग्राहकांच्या बाजूने कुणी मागणी केली, तर सुनावणी घ्यावी लागते. म्हणून कंपन्या वर्षानुवर्षं ६.९ टक्केच मागत राहिल्या. खर्च आणि वणवे मात्र ६.९ च्या चालीने वाढत नव्हते. मे २०२३ मध्ये स्टेट फार्मने तिथे नवे घरविमे बंद केले आणि पुढच्या वर्षी सुमारे ७२,००० पॉलिसी गुंडाळायचं जाहीर केलं.

म्हणून जाब विचारणं आणि हात धरणं यात फरक करावा लागतो. ‘या फायलीवर सही का केली, कुठल्या आकड्यांवर केली’ हे विचारणं आमदाराचं काम. ‘माझ्या मतदारसंघातल्या अमुक कंपनीची फाइल सोड’ हे सांगणं नव्हे. पहिलं काम जाहीर सुनावणीत होतं, दुसरं फोनवर. निम्म्याहून जास्त प्रकरणांत एवढ्यावरून ओळख पटते.

आपल्याकडे आणि तिकडच्या आपल्या घरी

भारतात विमा हा केंद्राचा विषय आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीत ४७ वी नोंद. १९९९ च्या कायद्याने झालेला नियामक हैदराबादला बसतो, आणि त्याने केलेले विनियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवावे लागतात. तेव्हा मेडिक्लेम नाकारला म्हणून आमदाराच्या दारात जाऊन उपयोग नाही. तक्रार विमा लोकपालाकडे, आणि नियमाबद्दलच राग असेल तर खासदाराकडे.

अमेरिकेत उलट आहे. न्यू जर्सी, टेक्सास किंवा बे एरियातल्या मराठी माणसाने वॉशिंग्टनला पत्र लिहिणं वाया जाईल. मावसबहिणीला मी सांगितलं की तक्रार आयुक्तांच्या कार्यालयात कर आणि तिची प्रत तुमच्या विधानसभा सदस्याला पाठव. तिथून फोन आला. पहिला प्रश्न होता, पिनकोड काय?

त्याला कारण होतं. २०१८ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की आणीबाणी जाहीर झालेल्या वणव्याच्या हद्दीतल्या किंवा तिला लागून असलेल्या पिनकोडमधल्या घरांचा विमा एक वर्षभर वणव्याच्या जोखमीचं कारण देऊन बंद करता येणार नाही. हे विधेयक मांडणारे सिनेटर रिकार्डो लारा पुढच्याच जानेवारीत आयुक्त झाले आणि आपलाच कायदा आपणच राबवायची वेळ त्यांच्यावर आली.

बहिणीचा पिनकोड यादीत नव्हता. रस्त्यापलीकडचा होता.